निवृत्तीला दोन वर्षे असताना काय तपासायचे: सेवापुस्तक, अंशराशीकरण आणि पहिली पेन्शन

प्रश्न थोडक्यात असा: राज्य शासनाच्या जिल्हा कार्यालयात गट क संवर्गात नोकरी. रुजू 16 ऑगस्ट 1994. जन्मतारीख 1 जून 1969. मध्ये एकदा 4 महिने 20 दिवस असाधारण (विनावेतन) रजा घेतलेली. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन साधारण 64,000 रुपये असेल. पेन्शन किती बसेल, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणे) करावे का, आणि फाइल कधीपासून हलवावी? शिवाय धाकटा भाऊ 2008 मध्ये दुसऱ्या खात्यात लागला आहे, त्याला काय मिळेल?

आधी तारीख नक्की करू. गट अ, ब आणि क साठी निवृत्तीचे वय 58, गट ड साठी 60. ज्या महिन्यात 58 पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माध्यान्होत्तर निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. म्हणजे तुम्ही 30 जून नव्हे, 31 मे 2027 ला निवृत्त होणार. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लावलेली पिढी महाराष्ट्रात मोठी आहे, म्हणूनच दरवर्षी 31 मेला कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते. ही तारीख बदलण्याची मुदत नोकरीच्या पहिल्या 5 वर्षांत संपते, आता त्या वाटेला जाऊ नका.

या एका महिन्याची किंमत मात्र समजून घ्या. तुमची वेतनवाढ 1 जुलैची असेल, तर 2 जून ते 1 जुलै 1969 दरम्यान जन्मलेला सहकारी 30 जून 2027 ला निवृत्त होईल. त्याचे शेवटच्या वेतनवाढीनंतरचे पूर्ण 12 महिने भरलेले असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 एप्रिल 2023 च्या निकालानंतर अशा लोकांना 1 जुलैची काल्पनिक वेतनवाढ धरून पेन्शन मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तुमचे 11 महिनेच भरतात, त्यामुळे ती वेतनवाढ तुमच्या हिशोबात धरू नका. अर्ज करून कागद वाया घालवणारे दरवर्षी भेटतात.

आता पात्रता. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे पेन्शन मिळायला किमान 10 वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा लागते. त्याहून कमी असेल तर फक्त एकरकमी सेवा उपदान. तुमचा तो प्रश्न नाही, पण अर्हताकारी या शब्दाशी तुमचा थेट संबंध आहे. 16 ऑगस्ट 1994 ते 31 मे 2027 म्हणजे 32 वर्षे 9 महिने 16 दिवस. निवृत्ती उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) सेवा सहामाहीत मोजतात आणि उरलेले 3 महिने किंवा जास्त असतील तर ती पूर्ण सहामाही धरतात. 32 वर्षांच्या 64 सहामाही, पुढच्या 9 महिने 16 दिवसांत 6 महिन्यांची एक आणि उरलेल्या 3 महिने 16 दिवसांची आणखी एक. एकूण 66. दर सहामाहीला पाव महिन्याचे वेतन, म्हणजे साडेसोळा पट, आणि कमाल मर्यादाही साडेसोळा पटच. तुम्ही काठावर बरोबर बसता.

पण ती असाधारण रजा वजा झाली तर सेवा उरते 32 वर्षे 4 महिने 26 दिवस. सहामाही 65. उपदान सव्वासोळा पट. पाव महिन्याचे वेतन गेले. म्हणून पहिले काम: सेवापुस्तकातले त्या रजेचे पान उघडा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असाधारण रजा पेन्शनसाठी मोजतात, खासगी कारणासाठी घेतलेली मोजत नाहीत. नोंद नुसतीच ‘असाधारण रजा मंजूर’ अशी असेल आणि कारण लिहिलेले नसेल, तर तपासणारा ती वगळणारच, कारण त्याच्यापुढे दुसरा आधार नसतो. आजारपणाची रजा असेल तर मंजुरी आदेशाची प्रत आणि प्रमाणपत्र शोधून आत्ताच नोंद दुरुस्त करून घ्या. तो आदेश काढणारे कार्यालय बंद झालेले किंवा दुसऱ्या ठिकाणी विलीन झालेले असेल, तर जुनी जावक नोंदवही मिळवायलाच तीन-चार महिने जातात.

पेन्शनचा आकडा स्वतः सोपा आहे. पूर्ण पेन्शनला 33 वर्षे लागण्याची जुनी अट सहाव्या वेतन आयोगानंतर गेली. तुमच्या सेवेला शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के, म्हणजे 64,000 वर 32,000 रुपये आणि त्यावर त्या वेळचा महागाई भत्ता. हा आकडा कुणीही बोटांवर काढतो. तो 64,000 खरोखर 64,000 आहे का, हे मात्र सेवापुस्तक ठरवते, आणि प्रकरणे अडकतात ती तिथेच.

तुमच्या काळातल्या माणसाच्या सेवापुस्तकात वेतननिश्चितीचे किमान पाच-सहा टप्पे असतात: 1 जानेवारी 1996 ची पाचवी, 1 जानेवारी 2006 ची सहावी, 1 जानेवारी 2016 ची सातवी, आणि मधल्या पदोन्नती किंवा आश्वासित प्रगती योजनेचे (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) लाभ. प्रत्येक टप्प्याच्या नोंदीपाशी वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आणि सही आहे का ते बघा. शिक्का नसेल तर प्रकरण पेन्शनचे आदेश काढणाऱ्या महालेखापालांकडे जाण्याआधी पुस्तक पथकाकडे जाणारच, आणि पथकाने आक्षेप काढला की ते पुन्हा कार्यालयात येते. सगळ्यात जास्त चुका आश्वासित प्रगती योजनेत सापडतात. पहिला लाभ 12 वर्षांनी द्यायचा, पण मधली विनावेतन रजा किंवा नाकारलेली पदोन्नती न मोजता तारीख आधीची धरलेली. सातव्या आयोगानंतर 10, 20 आणि 30 वर्षांचे तीन लाभ आले, तिथे आधीचा लाभ नेमका कोणत्या वेतनश्रेणीत दिला होता याचा गोंधळ.

दुसरी नेहमीची ठेच म्हणजे संगणक अर्हता. एमएस-सीआयटी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण होण्याची मुदत 31 डिसेंबर 2007 होती. प्रमाणपत्राची नोंद पुस्तकात नसली तर लेखापरीक्षक त्यानंतरच्या वेतनवाढींवर बोट ठेवतो. प्रमाणपत्र घरच्या फाइलमध्ये असते, पुस्तकात नसते, आणि वीस वर्षांनी लाखाच्या घरातली वसुली निघते. मराठी-हिंदी भाषा परीक्षा, विभागीय परीक्षा, स्थायित्व प्रमाणपत्र, जात वैधता, या नोंदी याच बैठकीत बघून घ्या. मार्च 2023 च्या जुन्या पेन्शनच्या संपात, 14 ते 20 मार्चला, सहभागी होता का? असाल तर ते दिवस नियमित केल्याचा आदेश पुस्तकात चिकटवला आहे ना, हेही पाहा. इतक्या अलीकडची गोष्ट असूनही ही नोंद हमखास राहून गेलेली असते.

अतिप्रदानाची, म्हणजे चुकून जास्त दिलेल्या पगाराची, वसुली निघालीच तर सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा रफिक मसीह निकाल लोक तोंडपाठ सांगतात: गट क व ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि 5 वर्षांहून जुन्या अतिप्रदानाची वसुली करू नये. निकाल तुमच्या बाजूचा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. जुलै 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की वेतननिश्चितीच्या वेळी ‘जास्त रक्कम दिली गेल्यास परत करीन’ असे वचनपत्र दिले असेल तर वसुली करता येते. आणि असे वचनपत्र वेतन आयोगाचा विकल्प भरताना बहुतेकांनी न वाचता सही करून दिलेले असते. म्हणून निकालावर विसंबू नका. चूक दोन वर्षे आधी सापडली तर ती पगारातून हप्त्याने सुटते. निवृत्तीच्या महिन्यात सापडली तर उपदानातून एकदम कापली जाते आणि पेन्शनही कमी वेतनावर बसते.

कागदपत्रांत नावाचा मेळ हा वेगळाच छळ. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. ‘सौ. सुनीता’ आणि ‘सुनिता’ या वेलांटीवरूनही शेरा येतो. महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पुस्तकाची पहिली पाने माहेरच्या नावाची आणि नंतरची सासरच्या नावाची असतात. मधे राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्राची नोंद नसेल तर दोन व्यक्ती समजल्या जातात. लग्नाआधी आई-वडिलांच्या किंवा भावाच्या नावे केलेली नामनिर्देशने तशीच पडून असतील तर नव्याने भरा. उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि गटविमा यांची नामनिर्देशने वेगवेगळी असतात, एक भरले म्हणजे सगळी झाली असे होत नाही.

वेळापत्रक असे ठेवा. दोन वर्षे आधी, म्हणजे आत्ता, पुस्तकाची दुय्यम प्रत घेऊन वरची सगळी तपासणी. एक वर्ष आधी पडताळणी पथकाचा शेवटचा शिक्का आणि सेवा पडताळणीच्या वार्षिक नोंदी पूर्ण. एखाद्या वर्षाची ‘सेवा पडताळली’ ही ओळ नसेल तर त्या वर्षाची वेतन देयके काढून ती भरावी लागते. आठ महिने आधी तुमच्याकडून भरायचे नमुने, पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र, बँक खात्याचा तपशील. सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे गेलेच पाहिजे. कोकण, पुणे आणि नाशिक विभागांची प्रकरणे मुंबईच्या कार्यालयात जातात, विदर्भ आणि मराठवाड्याची नागपूरला. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे मात्र तिथे जात नाही, जिल्हा परिषद स्तरावरच मंजूर होते. शासकीय निवासस्थान, घरबांधणी अग्रिम, संगणक अग्रिम यांचे ना-देय प्रमाणपत्र आणि ना-चौकशी प्रमाणपत्र शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलू नका. आस्थापना शाखेतला लिपिक मार्चअखेर कुणाचेच ऐकत नाही, आणि तुमचे प्रकरण मेचे आहे.

विभागीय चौकशी किंवा फौजदारी प्रकरण प्रलंबित असेल तर चित्र बदलते. तात्पुरती पेन्शन सुरू होते, उपदान थांबते आणि अंशराशीकरण करता येत नाही. चौकशी नसताना केवळ कार्यालयाच्या दिरंगाईने पैसे अडकले तर नियम 129-अ प्रमाणे उपदानावर 3 महिन्यांनंतर आणि 129-ब प्रमाणे पेन्शनवर 6 महिन्यांनंतर व्याज मागता येते. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. तुमच्याकडून कागद वेळेत दिल्याची पोच असेल तरच हा दावा टिकतो, म्हणून प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह पोच ठेवा.

सगळे पैसे एका ठिकाणाहून येत नाहीत हेही लक्षात ठेवा. रजा रोखीकरण, जास्तीत जास्त 300 दिवसांची अर्जित रजा, आणि गटविम्याची रक्कम तुमचे कार्यालयच काढते. त्याला महालेखापालांची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे हे पैसे आधी हातात यायला हवेत. भविष्य निर्वाह निधीचे अंतिम प्रदान वेगळ्या अर्जाने. वार्षिक विवरणपत्रे काढून प्रत्येक महिन्याची वर्गणी जमा दिसते का पाहा; बदलीच्या वर्षातले एक-दोन महिने सहसा गायब असतात. उपदानाची कमाल मर्यादा 1 सप्टेंबर 2024 पासून 14 वरून 20 लाख झाली आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, अंशराशीकरण. पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. तुमच्या बाबतीत 32,000 चे 40 टक्के म्हणजे 12,800. एकरकमी रक्कम ठरवणारा, पुढच्या वाढदिवसाच्या 59 वयाचा गुणक 8.371. हिशोब: 12,800 × 12 × 8.371 = 12,85,786 रुपये. बदल्यात दरमहा पेन्शन 19,200 होते, पण महागाई भत्ता पूर्ण 32,000 वरच मिळत राहतो. 15 वर्षांनी 12,800 परत सुरू होतात. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. तो पेन्शनच्या कागदांसोबतच देऊन टाका.

12,800 दरमहा 15 वर्षे म्हणजे 23,04,000. ‘सरकार दहा लाख जास्त कापते’ अशी जी ओरड ऐकता ती या आकड्यांवरून. ओरड खरी नाही आणि पूर्ण खोटीही नाही. हे एक कर्ज आहे असे समजा: 12.86 लाख घेतले, 180 हप्त्यांत फेडले. व्याजदर पडतो वर्षाला सुमारे 8.7 टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल 2023 नंतर 8.2 टक्के राहिला आहे. म्हणजे नुसती ठेव ठेवायला अंशराशीकरण केले तर अर्ध्या टक्क्याचा तोटा, शिवाय ठेवीच्या व्याजावर कर. मग तरी करावे का? माझे मत, बहुतेकांनी करावे. कारण या कर्जाला विमा फुकट आहे. तुमचे पाचव्या वर्षी बरेवाईट झाले तर उरलेली फेड माफ, आणि कुटुंब निवृत्तिवेतन अंशराशीकरणाने कमी होत नाही, ते मूळ वेतनावरच बसते: 7 वर्षे किंवा तुमच्या वयाची 65 वर्षे, जे आधी होईल तोपर्यंत 50 टक्के दराने, नंतर 30 टक्के. मिळालेली अंशराशीची रक्कमही शासकीय कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त आहे. 9 टक्क्यांचे गृहकर्ज डोक्यावर असेल तर प्रश्नच नाही, ते फेडा. करू नये कुणी? ज्याचे घर 19,200 आणि भत्त्यात भागत नाही त्याने, आणि ही रक्कम मुलाच्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला जाणार हे घरात आधीच ठरले आहे त्याने. दुसऱ्या प्रकारात पेन्शन कमी झाली तुमची आणि घर झाले त्याचे. पुढच्या 15 वर्षांत हे बोलून दाखवायची वेळ येते.

ठेवीबद्दल एवढेच: ज्येष्ठ नागरिक बचत योजना 60 पासून असली तरी 55 ते 60 दरम्यान निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून 3 महिन्यांत खाते उघडता येते, मर्यादा 30 लाख, पण मिळालेल्या लाभांच्या रकमेपुरतीच. ही 3 महिन्यांची मुदत चुकली तर तुम्हाला 60 होईपर्यंत थांबावे लागेल. उपदान, अंशराशी आणि निधी वेगवेगळ्या महिन्यांत येतात, त्यामुळे प्रत्येकाच्या जमा तारखेचा पुरावा जपा. आरोग्य विमा मात्र निवृत्तीआधीच घ्या. आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. आज घेतलात तर त्यातली दोन वर्षे नोकरीत असतानाच निघून जातील. आणि आठव्या वेतन आयोगाच्या आशेवर कुठलाही हप्ता बांधून घेऊ नका. मिळाले तर फरक म्हणून मिळेल.

भावाचे गणित वेगळे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नियुक्त झालेल्यांना 1982 चे नियम लागू नाहीत. तो आधी परिभाषित अंशदान योजनेत आणि नंतर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आला. त्याच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची होती का, हे आधी विचारा. अशांना 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा एकवेळ विकल्प दिला होता, त्याने तो मुदतीत भरला होता का? नसेल तर 1 मार्च 2024 पासूनची सुधारित योजना बघावी लागेल. तिचा गाभा असा, की 20 वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के आणि त्यावर महागाई वाढ. 2008 चा माणूस 2028 मध्ये 20 वर्षे भरतो, त्याआधी स्वेच्छानिवृत्तीचा विचारही करू नये. शिवाय 31 मार्च 2023 च्या निर्णयाने या कर्मचाऱ्यांनाही उपदान आणि सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन लागू झाले आहे. त्याने आज करायचे काम एकच: प्रान खात्याचा (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले त्याचे खाते) उतारा काढून जुन्या अंशदान योजनेच्या काळातली स्वतःची कपात, शासनाचा हिस्सा आणि व्याज, तिन्ही वर्ग झाले आहेत का ते वर्षवार जुळवणे. 10 टक्के स्वतःचे, शासनाचा हिस्सा आधी 10 आणि नंतर 14 टक्के, या बदलाच्या वर्षात फरक राहिलेला आढळतो.

महालेखापालांचे आदेश तीन येतात: पेन्शनचा, उपदानाचा आणि अंशराशीचा. आल्यावर नाव, जन्मतारीख, पत्नीचे नाव आणि बँक खाते अक्षर-अक्षर जुळवा, मग कोषागारात (मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालयात) ओळख पटवायला जा. पॅन, पासबुक, मूळ आदेश आणि छायाचित्र सोबत ठेवा. पहिल्या पेन्शनच्या महिन्यात 32,000 जमा झाले की 19,200, हे बघून ठेवा, कारण अंशराशीची रक्कम मिळाल्यापासून कपात सुरू व्हायला हवी, आधी नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, बँकेत सही करून किंवा जीवन प्रमाण या ऑनलाइन सोयीने. ‘कोषागारातून बोलतोय, लिंक पाठवतो’ म्हणणाऱ्याला फोनवर काहीही सांगायचे नाही. आणि कपात ज्या महिन्यात सुरू झाली तो महिना पेन्शन आदेशाच्या मागच्या बाजूला पेनने लिहून ठेवा. ऑगस्ट 2027 असेल तर ऑगस्ट 2042 ला 12,800 परत जोडले गेले का, हे तेव्हा तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला तरी पासबुकात बघावे लागेल. जोडले नसतील तर कोषागारात अर्ज द्यावा लागेल.